चार प्लेअर, एक अल्बम: फ्लेमिंग लिप्सचा ‘झायरीका’ कोल्हापुरात कसा वाजवायचा

‘झायरीका’ एका प्लेअरवर ऐकायला बसलात तर पाव अल्बमच ऐकू येतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीच्या ‘द फ्लेमिंग लिप्स’ या बँडनं ऑक्टोबर १९९७ मध्ये तो चार सीडींच्या संचात काढला. गाणी आठ, आणि ती आठही चारही सीडींवर. पण प्रत्येक सीडीवर त्या गाण्याचा वेगळा हिस्सा. चार प्लेअर, चार स्पीकरजोड्या आणि एकाच क्षणी प्ले, असा मामला. गणपतीत एका चौकात दोन मंडळांचे डॉल्बी समोरासमोर आले की काय होतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. इथंही आवाज तसाच चहूबाजूंनी अंगावर येतो, फक्त चौघं मिळून एकच गाणं वाजवत असतात. निदान तसा प्रयत्न तरी करत असतात.

चार प्लेअर शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. बँडला हे ठाऊक होतं आणि हवंही होतं: दर बैठकीत अल्बम थोडा वेगळा वाजतो. म्हणून बैठक जमवणाऱ्याला कुठली चूक चालते आणि कुठली नाही, एवढं नीट कळायला हवं. पन्नास-साठ मिलिसेकंदांची चूक ही मजा. दीड सेकंदाची चूक म्हणजे नुसता गोंधळ. पुढची सगळी खटपट दुसरी टाळण्यासाठी आहे, पहिलीच्या मागे लागू नका.

बँड इथवर कसा आला

१९८३ साली वेन कॉइन, त्याचा भाऊ मार्क आणि बासवर मायकल आयव्हिन्स अशी सुरुवात झाली. आधी मार्क गायचा. १९८४ च्या पहिल्या छोट्या रेकॉर्डनंतर तो बाहेर पडला आणि गाणं वेनच्या गळ्यात पडलं. ऐंशीच्या दशकातला हा बँड म्हणजे कर्कश गिटार, धूर आणि भरपूर हौस. १९९० च्या ‘इन अ प्रीस्ट ड्रिव्हन ॲम्ब्युलन्स’पासून निर्माता डेव्ह फ्रिडमन सोबत आला आणि आवाजाला आकार येऊ लागला. मग वॉर्नर ब्रदर्ससारखी मोठी कंपनी मिळाली. तिच्यासाठी काढलेल्या १९९२ च्या पहिल्याच अल्बमच्या शेवटी यांनी जवळपास अर्धा तास गोंगाटाचं एकच वेटोळं फिरवत ठेवलं. मोठ्या कंपनीत जाऊन माणसं सरळ होतात, असा समज असेल तर हे ऐकून पाहा.

१९९३ च्या ‘ट्रान्समिशन्स फ्रॉम द सॅटेलाइट हार्ट’मधलं ‘शी डोन्ट यूज जेली’ अमेरिकेत रेडिओवर चाललं. ड्रमवर तोवर स्टीव्हन ड्रॉझ्ड आला होता, गिटारवर रोनाल्ड जोन्स. ‘क्लाउड्स टेस्ट मेटॅलिक’ (१९९५) नंतर, १९९६ मध्ये, जोन्स बँड सोडून गेला. गिटारच्या ज्या भिंतीवर सगळं उभं होतं तीच गेली. उरलेल्या तिघांनी तसाच दुसरा गिटारवाला शोधण्याऐवजी बँड म्हणजे काय, याचीच नव्यानं मांडणी केली.

पार्किंगचे प्रयोग इथून सुरू झाले. लहानपणी मैफलीबाहेरच्या पार्किंगमध्ये बऱ्याच गाड्यांच्या रेडिओवर एकाच वेळी एकच गाणं लागलेलं वेननं ऐकलं होतं. त्या आठवणीवरून त्यानं चाळीसपर्यंत वेगवेगळ्या कॅसेट तयार केल्या, लोकांना गाड्या घेऊन बोलावलं, प्रत्येक गाडीला एक कॅसेट दिली आणि खूण करताच सगळ्यांनी प्ले दाबायचं ठरवलं. १९९७ मध्ये ऑस्टिनच्या ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवातही हा खेळ झाला. पुढची पायरी म्हणजे बूमबॉक्सचे प्रयोग: मंचावर कॅसेट प्लेअर घेऊन बसलेले स्वयंसेवक, आणि आवाज वाढवा, कमी करा, असं हातवारे करून सांगणारा वेन. चाळीस गाड्या कुणाच्या दिवाणखान्यात मावत नाहीत. घरी जमेल एवढा आकार चारचा, म्हणून चार सीडी.

‘पिचफोर्क’ या अमेरिकी संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं त्या वेळी या अल्बमला दहापैकी ०.० गुण दिले होते. पण त्याच काळात, त्याच फ्रिडमनसोबत, ‘द सॉफ्ट बुलेटिन’ (१९९९) घडत होता, आणि बँडचा सर्वांत नावाजलेला अल्बम कुठला म्हटलं की बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. झायरीकासाठी एका गाण्यात थरावर थर रचायची जी सवय लागली, तीच तिथं दोन स्पीकरांत नीट बसवलेली ऐकू येते. २००२ चा ‘योशिमी बॅटल्स द पिंक रोबॉट्स’ त्याहून गोड आणि इलेक्ट्रॉनिक. २००९ चा ‘एम्ब्रिऑनिक’ पुन्हा खरखरीत. २०१३ चा ‘द टेरर’ तर थंडगार. २०११ मध्ये त्यांनी चोवीस तासांचं एक गाणं काढलं आणि त्याच्या काही मोजक्या प्रती खऱ्या मानवी कवटीत बसवलेल्या हार्ड ड्राइव्हवर विकल्या. त्याबद्दल इथं एवढंच.

पहिल्यांदाच येणाऱ्या मंडळींना आदल्या दिवशी तीन गाणी ऐकून यायला सांगा: ‘शी डोन्ट यूज जेली’, सॉफ्ट बुलेटिनमधलं ‘रेस फॉर द प्राइज’ आणि योशिमीमधलं ‘डू यू रियलाइज??’. चाल कशी बांधतात हे कानात असलं की चार तुकड्यांत फाडलेली चाल ओळखू येते. कोऱ्या कानानं आलेला माणूस तिसऱ्या गाण्याला मोबाइल काढतो.

प्लेअर जमवणं

चार सीडींचा संच जुन्या सीडी विकणाऱ्यांकडे किंवा परदेशातून मागवून मिळतो. २०१३ मध्ये चार एलपींचीही आवृत्ती निघाली. पण चार टर्नटेबल जमवणं म्हणजे हौसेला मोल नसणाऱ्यांचं काम, आणि सुई एकाच क्षणी टेकवणं त्याहून अवघड.

सीडी प्लेअर नाही म्हणून अडू नका. घराघरांत माळ्यावर डीव्हीडी प्लेअर पडलेला असतो आणि तो ऑडिओ सीडी बिनतक्रार वाजवतो. चार हवेत तर सहा गोळा करा, कारण त्यातले दोन हमखास दगा देतात. बंद पडलेल्यांपैकी निम्म्यांचा आजार एकच असतो: लेन्सवर धूळ. वरचं झाकण उघडा, कानातली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवा आणि लेन्सवरून अलगद, दाब न देता फिरवा. पाच मिनिटं वाळू द्या. प्लग काढूनच. तरीही ‘नो डिस्क’ म्हणाला तर त्याच्यावर वेळ घालवू नका.

मूळ सीडी जपायच्या असतील तर स्वतःच्या वापरासाठी प्रत काढा आणि प्रतीच वाजवा. सीडी-आर घ्या, सीडी-आरडब्ल्यू जुन्या प्लेअरांना वाचता येत नाही. बर्न करताना वेग १६ एक्सच्या वर नको, ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा आणि गाण्यांमधलं दोन सेकंदांचं आपोआप पडणारं अंतर शून्य करा. ते एखाद्या प्रतीत राहिलं तर दुसऱ्या गाण्यापासून ती सीडी दोन सेकंद मागे, तिसऱ्यापासून चार, आणि शेवटापर्यंत चौदा. प्रत्येक सीडीवर मार्करनं १ ते ४ मोठा आकडा काढा.

रिमोटची एक गंमत आहे. एकाच कंपनीचे दोन प्लेअर असतील तर एका रिमोटला दोन्ही ऐकतात. चारही एकाच कंपनीचे मिळाले तर हा आशीर्वाद: सगळे एका कोपऱ्यात शेजारी ठेवायचे, स्पीकरच्या वायरी लांब ओढायच्या आणि एका दाबात चारही सुरू. दोन सारखे आणि दोन वेगळे असतील तर मात्र डोकेदुखी. एकाला थांबवायला जावं तर दुसराही थांबतो. तेव्हा सगळ्या प्लेअरांच्या इन्फ्रारेडच्या डोळ्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप लावा आणि हातानं बटण दाबा.

स्पीकर वायरचेच हवेत. ब्लूटूथ स्पीकर आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा काढतो, आणि हा उशीर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. शिवाय त्यांचा ‘पार्टी मोड’ सगळ्या स्पीकरांना एकच आवाज पाठवतो. आपल्याला नेमकं उलट हवंय. स्पीकरला ऑक्सचं भोक असेल तर ३.५ एमएमची वायर लावा, नसेल तर तो बाजूला ठेवा. डीव्हीडी प्लेअरमागे लाल-पांढरं आरसीए असतं, तेव्हा आरसीए ते ३.५ एमएमच्या चार वायरी लागतील. लांबी किमान तीन मीटर. पिवळं भोक चित्राचं. घाईत पांढऱ्याची पिन त्यात जाते आणि स्पीकर नुसता गुरगुरतो.

चारही जोड्या एकाच प्रतीच्या असायला हव्यात असं नाही. दोन होम थिएटर, एक जुनी टू-इन-वन, एक कॉम्प्युटरचे स्पीकर, असं कडबोळं उत्तम चालतं. बँडच्या डोक्यातही हेच होतं: जो तो आपला डबा घेऊन येणार.

खोली आणि शेजार

बारा बाय पंधरा फुटांची खोली चार जोड्यांना पुरते. चार कोपऱ्यांत चार जोड्या, कानाच्या उंचीला, तोंडं मध्याकडे. भिंतीपासून निदान हातभर पुढे. कोपऱ्यात खुपसलेला स्पीकर बास फुगवतो आणि चार कोपरे फुगले की कुणाचंच काही कळत नाही.

आपल्याकडच्या खोल्यांत फरशी, प्लॅस्टर आणि काचेचं कपाट, म्हणजे आवाज टणाटण उडतो. टाळी वाजवा, मागं ‘झिंऽऽ’ राहिलं तर खोली उघडी आहे. खाली जाजम किंवा सतरंजी, दोन समोरासमोरच्या भिंतींवर घोंगडी. पट्टणकोडोलीकडची जाड लोकरीची घोंगडी वरचे सूर फार छान पिते. भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटं अंतर ठेवून टांगली तर आणखी छान. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत हा बेत असेल तर जून ते सप्टेंबर विसरा. कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर लागला की पाचवी सीडी सुरू होते.

चारही प्लेअर आणि चारही स्पीकर एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेन्शनवर घ्या. दोन वेगळ्या खोल्यांतून वायर ओढली की अर्थिंगचा फरक पडून पन्नास हर्ट्झची घूं सुरू होते, आणि मग सगळे स्पीकरला नावं ठेवतात. एवढ्या सामानाचा भार मिक्सरच्या भारापुढे काहीच नाही, एक सॉकेट पुरतं.

रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. खिडक्या लावून मध्यम आवाजात अडचण येत नाही, पण यातले काही आवाज असे आहेत की शेजाऱ्याला गाणं वाटणार नाही, काहीतरी बिघडल्यासारखं वाटेल. आदल्या दिवशीच दार वाजवून, ‘काकी, उद्या पाच ते सात जरा इचित्र आवाज येतील, घाबरू नका, गाणीच हाईत,’ एवढं सांगून ठेवा. आणि काकींना बोलवाही.

आवाज सारखा करणं

ही पायरी वगळली की बैठक फसते. प्रत्येक जण आपला स्पीकर थोडा वर ठेवतो आणि दुसऱ्या गाण्याला चौघं एकमेकांवर ओरडायला लागतात.

मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप घ्या. ते अचूक नसतं, पण चारही जोड्या एकाच मोबाइलनं मोजायच्या असल्यानं चालतं. पिंक नॉइजचा (सगळे सूर मिसळलेल्या एकसारख्या ‘सूंऽऽ’ आवाजाचा) एक ट्रॅक सीडीवर घालून ठेवा. मोबाइल खोलीच्या मध्यावर खुर्चीत ठेवा आणि एकेक जोडी वाजवून प्रत्येकी ६८ ते ७० डेसिबलवर आणा. व्हॉल्यूमच्या बटणावर पेन्सिलनं खूण करा. चार वेगवेगळे आवाज एकत्र वाजले की बेरीज सहा डेसिबलनं वर जाते, म्हणजे मध्यावर ७५च्या आसपास. तासभर ऐकायला हे पुरेसं आहे.

प्ले दाबणं

चार माणसं, चार प्लेअर. पाचवा मोजणारा. मोजणाऱ्यानं प्लेअरला हात लावायचा नाही.

१. चारही सीडी घाला आणि प्लेअरला ती वाचू द्या. कुणाला चार सेकंद लागतात, कुणाला वीस. थांबा.

२. गाणं सुरू करून लगेच पॉज दाबा, मग मागच्या बाणाचं बटण एकदा दाबून ०:०० वर आणा. पॉज टिकला पाहिजे. काही डीव्हीडी प्लेअर मागे जाताच आपोआप वाजायला लागतात. त्यांना पुन्हा पॉज दाबून पहिल्या सेकंदाच्या आत धरा.

३. थांबलेल्या स्थितीतून थेट प्ले कधीच नको. तबकडी फिरायला लागायचा वेळ प्रत्येक प्लेअरचा वेगळा, आणि एक-दीड सेकंदाची चूक तिथंच होते. पॉजमध्ये तबकडी फिरतच असते.

४. मोजणारा सेकंदाला एक या चालीनं म्हणतो: ‘एक, दोन, तीन, दाबा.’ ‘दाबा’वर दाबायचं. उलट मोजणी नको. ‘तीन, दोन, एक’ म्हटलं की निम्मे एकवर दाबतात आणि निम्मे त्यानंतर.

५. या सगळ्याच्या आधी कोरडी तालीम तीनदा: सीडी न लावता सगळ्यांनी टेबलावर बोट आपटायचं. टक् असा एकच आवाज आला पाहिजे. चार टका ऐकू आल्या तर कोण घाई करतोय ते लगेच कळतं.

सावध माणसं एकमेकांपासून पन्नास ते शंभर मिलिसेकंदांत दाबतात. पहिलं गाणं तीन मिनिटांच्या वरचं नाही, ते चाचणीचं समजा. कुणी पाव सेकंदाहून जास्त मागे पडला तर मागच्याला पुढे नेता येत नाही. पुढच्या तिघांना एकेक क्षण पॉज करून मागे आणण्यापेक्षा गाणं पहिल्यापासून सुरू केलेलं बरं. पाव सेकंदाच्या आत असेल तर वाजू द्या.

घसरण

प्लेअरचा वेग आतल्या, वेळ मोजणाऱ्या क्रिस्टलवर ठरतो आणि दोन क्रिस्टल कधी सारखे नसतात. दोन प्लेअरांत दहा लाखांत शंभर भागांचा फरक धरला तर दहा मिनिटांत साठ मिलिसेकंद, आणि सुमारे ४५ मिनिटांच्या पूर्ण अल्बममध्ये पाव सेकंदाहून थोडा जास्त. शिवाय हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे मीटरला जेमतेम तीन मिलिसेकंद. खोलीत चार मीटर इकडून तिकडे सरकलात तर बारा मिलिसेकंदांचा फरक फुकटात पडतो.

कान या सगळ्याकडे ठरावीक रीतीनं पाहतो. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत आलेले दोन सारखे आवाज तो एकच मानतो, फक्त जाड. पन्नासच्या पुढे ड्रमचा ठोका दुहेरी होतो. शंभराच्या पुढे सरळ प्रतिध्वनी. लांबवलेले सूर, वाद्यवृंदाचे थर, गुणगुणणं यांना मात्र दोनशे मिलिसेकंदही खपतात. म्हणून एकच चूक एका गाण्यात सुंदर वाटते आणि दुसऱ्यात बोचते. चौथं गाणं, ‘अ मशीन इन इंडिया’, दहा मिनिटांच्या वर जातं. सगळ्यांत लांब तेच, त्यामुळे घसरणही तिथंच नीट ऐकू येते. पहिल्या दोन मिनिटांत आणि शेवटच्या दोन मिनिटांत मध्ये उभे राहून ऐका.

दर गाण्यानंतर थांबून पुन्हा मोजणी करायची की आठही गाणी सलग सोडायची? पहिल्या बैठकीला दर गाण्याला थांबा. नवा आकडा दिसताच पॉज, मागे ०:००, मोजणी. मंडळी सरावली की दुसऱ्या वेळी सलग वाजवा. शेवटच्या गाण्यापर्यंत चारही सीडी आपापल्या वाटेनं गेलेल्या असतात आणि अल्बम खरा उघडतो तो तेव्हा, असं आमचं ठाम मत आहे.

सहाव्या गाण्याला, ‘हाउ विल वी नो?’ला, वेगळी काळजी. त्यात मुद्दाम फार खालच्या आणि फार वरच्या कंपनांचे सूर घातलेत, आणि काही ऐकणाऱ्यांना गरगरल्यासारखं होतं, असा इशारा अल्बमवरच छापलेला आहे. सुरू करण्याआधी चारही बटणं पेन्सिलच्या खुणेच्या बरीच खाली आणा. तान्ही बाळं आणि कुत्री बाहेर. आवाज ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी व्हॉल्यूम वाढवायला जातोच, त्याला आवरा. वयानुसार वरचे सूर आपल्याला ऐकू येईनासे होतात, पण स्पीकरच्या ट्वीटरपर्यंत, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या भागापर्यंत, ते पोचतच असतात, आणि छोटा ट्वीटर गुपचूप जळतो. कळतं ते पुढच्या गाण्यात, झांज गायब झाल्यावर. गाणं अडीच मिनिटांचंच आहे. कुणाला मळमळलं तर थांबवा, त्यात कमीपणा नाही.

चार सीडींतून निवड करायच्या पंधरा रीती होतात: एकेकट्या चार, जोड्या सहा, तिघींचे गट चार आणि चारही एकत्र. पंधराही करायची गरज नाही. पण एक गाणं निवडून आधी एक सीडी, मग दुसरी वाढवून, मग तिसरी, मग चौथी असं ऐका. दोन सीडींवर अर्धवट वाटलेलं काहीतरी तिसरी आली की एकदम उभं राहतं. हे प्रात्यक्षिक कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटतं.

एका कॉम्प्युटरवरून

चार माणसं जमतच नसतील तर डेस्कटॉपचं ७.१ साउंड कार्ड वापरा. मागची हिरवी, काळी, नारिंगी आणि करडी भोकं म्हणजे आठ चॅनेल, म्हणजेच चार स्टिरिओ जोड्या. ऑडॅसिटी या आवाज जुळवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये चारही सीडींचे हिस्से एकाखाली एक लावा, एक्स्पोर्ट करताना ‘कस्टम मॅपिंग’ (जुन्या आवृत्तीत सेटिंगमधलं ‘कस्टम मिक्स’) निवडा आणि आठ चॅनेलची फ्लॅक फाइल काढा. क्रम असा: पुढचे दोन, मधला, सबवूफर, मागचे दोन, बाजूचे दोन. ‘बास मॅनेजमेंट’ आणि ‘स्पीकर फिल’ बंद करा. नाहीतर सबवूफरच्या वायरीवरच्या चॅनेलमधून नुसता दमदम येतो आणि एका सीडीचा अर्धा भाग हरवतो. या पद्धतीत घसरण शून्य. सोय मोठी, पण हा अल्बम काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा होतो. अभ्यासाला ठीक.

सीडी नाहीतच, असं असेल तर बँडनं फेब्रुवारी २०११ मध्ये एक गाणं बारा तुकड्यांत यूट्यूबवर टाकलं होतं, बारा मोबाइल एकत्र वाजवण्यासाठी. कट्ट्यावर बारा जणं जमली की काम झालं. प्रत्येकानं आधी व्हिडिओ थोडा बफर होऊ द्यावा, जाहिरात संपवावी आणि ०:०० वर पॉज करून बसावं. बैठकीत बाराव्याची जाहिरात मधेच सुरू होणारच. तोही एक आवाज समजा.

आपलं स्वतःचं पार्किंग

आठ गाड्या पुरतात. रस्त्यावर किंवा रंकाळ्याच्या काठाला हे करू नका. मुहूर्त नसलेल्या दिवशी एखाद्या मंगल कार्यालयाचं पार्किंग मागून घ्या, मालकाची परवानगी लेखी घ्या, जवळच्या पोलिस ठाण्यात कल्पना द्या, आणि रात्री दहाच्या आत आवरा.

गाड्या वर्तुळात, डिक्या मध्याकडे तोंड करून, मध्यापासून सहा मीटरवर. डिक्या आणि सगळी दारं उघडी. या रचनेत समोरासमोरच्या गाड्यांत बारा मीटर, म्हणजे पस्तीस मिलिसेकंद, कानाला चालण्यासारखं. चाळीस मीटर लांब दोन रांगा केल्या तर टोकाचा आवाज ११५ मिलिसेकंद उशिरा येतो आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला वेगळंच गाणं ऐकू येतं.

तुकडा दहा-बारा मिनिटांचा करा. काय घालायचं? इथं कोल्हापूर पदरात भरभरून टाकतं: हलगी-घुमकं, बेंजो पार्टी, तुतारी, उद्यमनगरातल्या लेथचा सूर, गुऱ्हाळाच्या इंजिनाची धाप, पंचगंगेच्या घाटावरची घंटा. पण वाटणी जपून. हलगी एकाच गाडीत ठेवा. तिचा ठोका इतका तीक्ष्ण असतो की दोन गाड्यांत घातला आणि ऐंशी मिलिसेकंद मागेपुढे झाला तर तालाचा पार चुथडा होतो. तुतारी, लेथ, तंबोरा, इंजिन अशा लांब आवाजांना वाटेल तेवढ्या गाड्यांत पसरा. घंटा आठही गाड्यांत एकाच क्षणी घाला; ती कधीच एकत्र वाजणार नाही आणि वर्तुळावरून फिरत गेल्यासारखी वाटेल. हे ठरवून करायचं.

आठही फाइली एकाच लांबीच्या, एकाच शून्यापासून, वेव्ह प्रकारात, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. २४ बिट बरेच कार-स्टिरिओ वाजवत नाहीत, आणि एमपी३ सुरुवातीला थोडी रिकामी जागा जोडतं. पेनड्राइव्ह फॅट३२, त्यात एकच फाइल, नाव फक्त आकडा. देवनागरी नाव दिलं तर पडद्यावर चौकोन दिसतात. फाइलच्या सुरुवातीला साठ सेकंद मोजणी रेकॉर्ड करा, प्रत्येक पाच सेकंदांनी एक बीप. सगळ्यांनी आपापली फाइल सुरू करून दहाव्या बीपला पॉज करायची, मग शिट्टीवर सोडायची. पेनड्राइव्ह वाचायला लागणारा वेगवेगळा वेळ अशानं आधीच निघून जातो. फोन ब्लूटूथनं जोडून वाजवतो म्हणणाऱ्याला पेनड्राइव्ह द्या.

इंजिनं बंद, चावी ॲक्सेसरीवर. चालू इंजिनांच्या वर्तुळात उभं राहणं धुरासाठीही वाईट आणि आवाजासाठीही. चांगल्या बॅटरीला अर्धा तास स्टिरिओ काही जड जात नाही, पण उघड्या दारांमुळे आतले दिवे जळत राहतात, ते हातानं बंद करा. हेडलाइट चालू ठेवून वातावरण करायचा मोह आठातल्या दोघांना तरी होतो. जंप केबलचा एक जोड बरोबर असू द्या, आणि ज्याची बॅटरी जुनी त्याची गाडी फाटकाच्या बाजूला लावा, म्हणजे ढकलायला सोपी.